सुशिक्षितांचे हात

२०२४ सालीं ज्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें त्या आमच्या नगर शहरांतील एका सुशिक्षित गृहस्थांकडे गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सहज गेलों होतों. बोलत बसलों असतां मोरींतून टपटप असा आवाज सारखा ऐकूं येत होता. चौकशी करतां असें कळलें कीं, नळ तीन दिवसांपासून गळत आहे, कारागिरास निरोप गेलेला आहे, व तो रोज ‘उद्यां येतों’ म्हणून सांगत आहे. गृहस्थांचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर. ते त्या वेळीं शेजारच्या खोलींत मोबाइलवर एक चित्रफीत पाहत होते. तिचा विषय ‘घरच्या घरीं करावयाच्या दहा सोप्या युक्त्या’ हा होता!

दर सेकंदास एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला तर रोज चार लिटरांहून अधिक पाणी मोरीवाटे जातें. ज्या जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेंत पडतो, आणि जेथें अवर्षणाच्या वर्षीं गांवोगांव टँकर फिरतात, तेथें हें पाणी थोडें नव्हे. परंतु आमचें म्हणणें पाण्यापुरतें नाहीं. नळाच्या पोटांतील झिजलेला वायसर बदलण्यास एक पाना, थोडक्या पैशांचा नवा वायसर व दहा मिनिटें पुरतात. हीं तिन्ही ज्या घरांत सहज मिळण्यासारखीं होतीं, त्या घरांत तीन दिवस नळ गळत राहतो, याचें कारण काय? त्या घरीं बुद्धीची वाण नाहीं, पैशाची नाहीं, आणि चित्रफितीवरून पाहतां वेळेचीहि नाहीं. वाण आहे ती हात पुढें करण्याची. सुशिक्षित मराठी कुटुंबांना आपल्या हातांची लाज वाटते, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आणि ही लाज झांकण्यासाठींच हल्लीं ‘युक्त्यां’चें एवढें कौतुक चाललें आहे.

युक्ति आणि कसब यांत भेद आहे. कसबांत कारण कळलेलें असतें. नुसत्या युक्तींत तें कळावें लागत नाहीं, आणि म्हणूनच ती सोपी वाटते. जुन्या घरांतून अद्याप तारेचे फ्यूज आहेत. फ्यूज वारंवार जाऊं लागला कीं त्यांत जाड तांब्याची तार बसवावी, ही युक्ति आम्हीं पुष्कळ घरीं पाहिली आहे. तिनें दिवे राहतात हें खरें. पण फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठींच. विजेचा भार वाढला असतां ती वितळली नाहीं, तर भिंतींतील तारा तापतात आणि घरास आग लागण्याचा प्रसंग येतो. तीच गोष्ट साफसफाईची. संडासाच्या ॲसिडांत ब्लीचिंग पावडर मिसळली म्हणजे डाग लौकर जातात, असें सांगणारे सल्लागार भेटतात. या मिश्रणांतून क्लोरिन वायु सुटतो. १९१५ सालीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मनांनीं शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायु. तो आमच्या गृहिणींनीं दार लावलेल्या न्हाणीघरांत हुंगावा काय? ज्या युक्तीचें कारण ठाऊक नाहीं ती आणि अंगारा यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. अंगारा निदान गुदमरवीत तरी नाहीं.

याच्या उलट आपल्या आज्यांचीं कसबें पाहा. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार होतें, तें माठाच्या छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाळतांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें म्हणून. हवा जितकी कोरडी तितकें पाणी अधिक गार. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेंत तोच माठ तितकें काम देत नाहीं. माठ वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर मांडणाऱ्या व त्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळणाऱ्या बाईस बाष्पीभवन हा शब्द ठाऊक नसेल. पण वारा लागला पाहिजे व ओल सुटली पाहिजे, या दोन्ही अटी तिला पक्क्या ठाऊक होत्या. भाताला उकळी येतांच पातेलें उतरवून गोधडींत गुंडाळून ठेवणारी आजी, जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊं देत नाहीं, हें अनुभवानें जाणत होती. तिचा भात उरलेल्या ऊबेवर शिजे व सरपण वांचे.

कोणी म्हणेल कीं, हीं मागल्या काळचीं कौतुकें झालीं. तर आमच्याच जिल्ह्यांतील आजचें उदाहरण घ्या. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. शाळेंत न गेलेल्या या बाईंनीं घेवडा, वाल, भात, नागली इत्यादिकांचीं गांवठी वाणें घरांत जतन करून ठेवलीं. पुढें बाएफ या संस्थेच्या साहाय्यानें त्यांची बियाणें-पेढी उभी राहिली. बियाणें राखेंत ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोरडी राख ओल शोषते, दाण्यांमधील पोकळी बुजवून किडीची हालचाल थांबविते, आणि तिचे खरखरीत कण किडीच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडून तिला सुकवितात. चुलींतील राखेसारख्या फुकट वस्तूनें जें साधलें तें आमच्या विद्यापीठांच्या पदव्यांनीं आमच्या घरांत साधलेलें नाहीं. आमच्याकडे तर डाळीला पोरकिडे लागले कीं डाळ फेकतात व नवी आणतात.

या अपंगपणाचें खापर इंग्रजी शिक्षणावर फोडण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्ही स्वतः इंग्रजी शिकलेले आहों, आणि हा आरोप आम्हांस खोटा वाटतो. हात लागतो तें काम हलकें व तोंडानें होतें तें श्रेष्ठ, हा समज इंग्रजांनीं जहाजांतून आणला नाहीं. तो आमच्या गांवगाड्यांतच होता. लांकूड सुताराचें, लोखंड लोहाराचें, कातडें चांभाराचें, आणि लेखणी तेवढी आमची, ही वांटणी आम्हीं इंग्रजांच्या आधींच केली होती. इंग्रजी विद्येनें तिच्यावर केवळ पदवीचा शिक्का मारला. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच नगरांत अमेरिकन मराठी मिशननें सर दिनशा पेटिट यांच्या नांवाची उद्योगशाळा काढली होती. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं डी. सी. चर्चिल हे मिशनरी अभियंते येथें येऊन हातमाग सुधारण्याच्या खटाटोपास लागले. अमेरिकेंत शिकलेला पदवीधर नगरांत मागाशीं झटत होता, तेव्हां नगरचे पांढरपेशे आपल्या मुलांना कोठें पाठवीत होते? कारकुनीच्या परीक्षेस. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली; तिचीं आम्हीं भाषणांतून स्तोत्रें गाइलीं, आणि आपलीं मुलें मात्र तिच्यापासून सुरक्षित अंतरावर ठेविलीं. उद्योग गरिबांच्या मुलांसाठीं, परीक्षा आमच्या मुलांसाठीं, ही वांटणी कायम राहिली.

विद्या आणि हात यांचें वैर नाहीं, हें समजण्यास आम्हां नगरकरांना दूर जावयास नको. १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवण्यांत आलें. त्यांतील पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं येथेंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्याच हातांनीं किल्ल्याच्या खडकाळ अंगणांत माती खणून फुलांचे वाफे केले. मौलाना आझाद पहांटे उठून स्वतःचा चहा स्वतः करीत. त्यांच्या पत्रांतून त्या चहाचें वर्णन किती प्रेमानें आलें आहे! सरदार पटेल हे विलायतेहून आलेले बॅरिस्टर. पण १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत ते रद्दी कागदांचीं पाकिटें करीत, आणि त्याच मुक्कामांत संस्कृतहि शिकत. पाकीट केल्यानें त्यांच्या बॅरिस्टरीस डाग लागला नाहीं. आमच्या चिरंजिवांच्या पदवीस मात्र नळाला हात लावल्यानें डाग लागतो!

यावर तीन आक्षेप येतात, त्यांचा विचार करणें प्राप्त आहे. पहिला वेळेचा, त्यास उत्तर वर आलेंच आहे. दुसरा असा कीं, घरचीं कामें आपणच केलीं तर कारागिरानें खावें काय? आक्षेप दयाळूपणाचा दिसतो, पण तो करणारे गृहस्थच कारागिराशीं पांच-दहा रुपयांसाठीं अर्धा तास घासाघीस करतांना आम्हीं पाहिले आहेत. ज्यानें जन्मांत एकदां तरी फाटक्या सदऱ्यास ठिगळ लाविलें आहे, त्यास शिंप्याची मजुरी जास्त वाटत नाहीं. कामाची किंमत काम केल्यानेंच कळते. शिवाय वायसर बदलणारा गृहस्थ घराची नवी नळजोडणी काढूं लागेल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. घरगुती कसबांचें गुणगान म्हणजे बायकांवर आणखी ओझें, असें आमच्या विद्यार्थिनी म्हणतात. त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. आजीच्या गोधडीचे गोडवे गाणाऱ्या नातवानें सुईंत दोरा तरी कधीं ओंवला आहे काय? गोधडींत आजीचीं डोळे फोडणारीं किती दुपार गेलीं, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. म्हणून आमचा आग्रह आहे कीं, बटण लावणें, ठिगळ देणें, धान्य निवडून ठेवणें हें मुलांनीं शिकावें, आणि पाना व स्क्रू-ड्रायव्हर मुलींच्या हातीं द्यावा. ज्या घरीं हें होणार नाहीं, तेथें कसबांचा उमाळा हा केवळ दुसऱ्याच्या श्रमांवरचा उमाळा समजावा.

दुसऱ्यास दोष देतांना स्वतःचा दोष लपविणें बरें नव्हे. आम्हीं प्रथम नळ दुरुस्त करावयास घेतला तो पन्नाशी ओलांडल्यावर. वायसर बदलण्यासाठीं वरचा भाग तेवढा उघडावयाचा, तर आम्हीं सबंध नळच भिंतींतून काढला. पुन्हा बसवितांना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरपूर गुंडाळली, तरी पाणी भिंतीशीं झिरपतच राहिलें. अखेर कारागिरास बोलाविलें. तो हंसला नाहीं, हा त्याचा थोरपणा. नळ ज्या दिशेस पिळून बसवावयाचा त्याच दिशेस पट्टी गुंडाळावयाची असते. उलट गुंडाळली तर पिळतांना ती उलगडून येते. तीस वर्षें व्याख्यानें दिलेल्या मनुष्यास ही गोष्ट सुचली नव्हती. ती त्या कारागिराच्या बोटांना ठाऊक होती. त्या दिवसापासून ‘अडाणी’ हा शब्द आम्ही जपून वापरतों.

आमची मागणी मोठी नाहीं. दहावीच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं प्रत्येक मुलास व मुलीस बटण लावतां यावें, सायकलचें पंक्चर काढतां यावें, विळीस व सुरीस धार देतां यावी, नळाचा वायसर बदलतां यावा, आणि मुख्य बटण बंद करून योग्य जाडीची फ्यूजची तार घालतां यावी. व यांतील प्रत्येक कृतीचें कारण सांगतां यावें. याला गुण नकोत, शिकवणी नको. घरांत एक पेटी असावी. तींत पाना, पक्कड, हातोडी, सुई-दोरा व चार वायसर असावेत, आणि ती पेटी आईबापांनीं मुलांसमोर उघडावी. एवढेंहि ज्यांना कमीपणाचें वाटतें, त्यांनीं श्रमप्रतिष्ठेवरील व्याख्यानांस टाळ्या वाजविण्याचें सोडून द्यावें.

त्या गृहस्थांचा नळ चौथ्या दिवशीं दुरुस्त झाला, असें मागाहून कळलें. कामास दहा मिनिटें लागलीं. कारागीर सांगत होता कीं, कोणी पाहावयास आलें असतें तर त्यानें दाखविलेंहि असतें. पण चिरंजीव त्या वेळीं आंतल्या खोलींत होते.