कमानीचा हिशेब

दोस्तहो, वेस म्हंजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आत कोण आन् बाहेर कोण, हे सांगायलाच दगडावर दगड चढतो. मग ते गावकूस असो की सातासमुद्रापलीकडच्या लॉर्डाचा वाडा.

वेल्समधलं पेन्रिन कॅसल घ्या. नाव किल्ल्याचं, पण लढाईशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात थॉमस हॉपर या वास्तुकारानं बांधलेला जमीनदाराचा वाडा. त्याच्या प्रवेशाला जुन्या सरदारी थाटाची दगडी देवडी, बाजूंना उंच भिंती. बघे म्हणतात, काय कारागिरी! राजकारण मधे आणू नका.

आम्ही आणणार. ते दगडातच आहे.

पहिला पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा. मालक रिचर्ड पेनंट पार्लमेंटात गुलामगिरीची वकिली करायचा. १८३३ च्या कायद्यानं गुलामी उठली, तेव्हा हा वाडा बांधून घेणाऱ्या त्याच्या वारसाला ७६४ माणसांची भरपाई मिळाली: १४,६८३ पौंड. त्या माणसांना दमडी नाही. दुसरा पैसा पाटीच्या दगडाच्या खाणीचा. तो दगड पेन्रिन बंदरात जहाजांवर चढायचा. मी गोदीत माल ओढतो. चढवणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, हे मला मॅट्रिकनं नाही, पाठीनं शिकवलं.

नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २,८०० खाणकामगार बाहेर पडले. लॉर्ड युनियन मानायला तयार नव्हता. तीन वर्षं हाल. काही जण फुटले, तेव्हा बाकीच्यांनी खिडक्यांत कागद लावले: या घरात गद्दार नाही. १९०३ मध्ये ते हरले. पण सांगा, दार कुणाचं मोठं? लॉर्डाची कमान, की ती कागद लावलेली खिडकी?

१९५१ पासून वाडा नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०२० साली ट्रस्टनं आपल्या वाड्यांचे गुलामीशी असलेले धागे अहवालात मांडले, तर तिकडचे काही खासदार खवळले. म्हंजे वास्तुकाराचं नाव सांगितलं तर इतिहास, आन् गुलामांचा आकडा सांगितला तर राजकारण! साला, हीच ती खरी भिंत. दगडाची नंतरची.

कमान पाडा असं मी म्हणत नाही. राहू दे उभी. पुरावा कोण जाळतं? पण तिच्यापुढं उभं राहून हॉपरचं नाव घेणाऱ्यानं ७६४ हा आकडाही तेवढ्याच मोठ्यानं घ्यावा. नसेल जमत, तर कारागिरीचं कौतुक आम्हाला सांगू नये.