विकत घेतलेले, तरी आपले नसलेले

युबिसॉफ्टने २०१४ साली 'द क्रू' हा मोटारशर्यतींचा गेम बाजारात आणला. एकट्याने खेळतानाही तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्या डिस्क निरुपयोगी ठरल्या.

चाचेगिरीचे समर्थन मी करत नाही. गेम घडवणाऱ्यांना त्यांच्या श्रमांचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु ऑनलाइन खात्याचे कुलूप चोराआधी प्रामाणिक ग्राहकाला अडवते. २०१३ मध्ये 'सिमसिटी'चे सर्व्हर कोलमडले, तेव्हा ताटकळले ते रीतसर खरेदी करणारेच.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुलूप लावणाऱ्याने सेवा बंद करताना काय करावे, याविषयी मात्र ते कलम मौन बाळगते.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. आमच्या प्रयोगशाळेतील एका मापनयंत्राचे सॉफ्टवेअर परवान्याची ऑनलाइन पडताळणी झाल्यावरच उघडते. इंटरनेट खंडित झाले, की आम्हीच नोंदवलेली निरीक्षणे आम्हाला वाचता येत नाहीत. उद्या ती कंपनीच उरली नाही, तर त्या निष्कर्षांची फेरतपासणी कोण आणि कशी करणार?

म्हणून सेवा थांबवताना कुलूप काढून देणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअर-खरेदीच्या करारात तरी ही अट आजपासूनच घालायला हवी.