जमिनीखालची ठेव

नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने तीन हजार कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा एक टक्का व्याज, एक हजारावर पाऊण टक्का. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची सोय करायची. व्यवहाराची नोंद निगमसभेत झाली. उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला यात नवे काहीच वाटत नाही, आणि नवल त्याचेच वाटते.

लेख कातळावर होता म्हणून टिकला. पण त्या काळची घरे, माग, बाजार? ते जुन्या वस्त्यांच्या मातीत आहेत. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदाकाठी, जुन्या नाशकात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर एकाखाली एक उलगडले. शहराची खरी खातेवही ती.

कायदा आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरवर नियंत्रण आले. मात्र हे अंतर मोजायचे ते यादीतल्या स्मारकापासून. यादीबाहेरच्या गल्लीत वाडा पडतो, पायाचा खड्डा खणला जातो, आणि खापरे-मणी डबरासोबत डंपरमधून निघून जातात.

इंग्लंडमधल्या यॉर्कने १९९१ मध्ये जमिनीखालच्या थरांचा अभ्यास करून घेतला. नव्या इमारतीने जागेतील अवशेषांपैकी ५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट करू नये, असे धोरण त्यातून आले. इमारती थांबल्या नाहीत. पाया कुठे घ्यायचा, हे आधी ठरू लागले.

गळक्या वाड्यात राहणाऱ्याला इतिहासाचे ओझे वाहायला सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून खर्च त्याच्यावर नको. चटईक्षेत्राचा नफा घेणाऱ्याने तो सोसावा. पालिकेने पैठण, नाशिक, जुन्नरसारख्या गावांत थरांचा नकाशा करावा आणि परवान्याआधी एक चाचणी-खड्डा सक्तीचा करावा.

कर्ज देताना बँक जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेते. त्याच जागेखालच्या दोन हजार वर्षांची चौकशी कोणी करायची? ही ठेव एकदा मोडली की पुन्हा भरता येत नाही.