दहा मुले, एक शिक्षक

सीमाबांधवांनो,

जून उजाडला की आपल्या भागातील मराठी घरांत दोन प्रकारची लगबग सुरू होते. एका घरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा गणवेश, बूट, व्हॅन आणि देणगीची जुळवाजुळव चालते. दुसऱ्या घरात विड्या वळणारी आई सकाळीच सूप बाजूला ठेवते आणि पोराचा हात धरून सरकारी मराठी शाळेच्या दारात जाते. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत ही दोन्ही घरे एकाच रांगेत चालतात, एकच घोषणा देतात. जूनमध्ये मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. या अंकात आम्ही त्या दोन वाटांविषयी लिहिणार आहोत. काही वाचकांना ते रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

गावची शाळा सर्वांना सहजासहजी मिळालेली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या कराच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात आणि शेतकऱ्याचे पोर गुरांमागेच राहते, हे त्यांनी सरकारला सुनावले. १९११ मध्ये नामदार गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपले बडे जमीनदारही होते.

जे ब्रिटिश सरकारने नाकारले ते आपल्या शेजारच्या करवीर संस्थानात घडले. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. निपाणी तेव्हा मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होती. इलाख्यात १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आणि नंतर १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, पण काम सावकाश चालले. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीत आले, तेव्हाही शाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. हे दार उघडताना जुन्या घराण्यांपैकी सर्वांनाच आनंद झाला होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तरीही पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ते घडले. पाटलाचा मुलगा, अडत्याचा मुलगा आणि तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईचा मुलगा एकाच गुरुजींच्या हाताखाली बाराखडी शिकले. शाळेचे छप्पर गळाले तर वाड्यातील माणूस तक्रार घेऊन जात असे, कारण त्याचा नातू त्याच छपराखाली बसत असे. सरकारी शाळेची खरी ताकद तिथे होती.

नंतर आली १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख. त्या दिवशी बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात डांबले गेले, हे आपण विसरलेलो नाही. पण त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्तीही अमलात आली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या दुरुस्तीने घटनेत ३५०-क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न केला पाहिजे, असे ते सांगते. ज्या दिवशी अन्याय झाला, त्याच दिवशी हे हत्यारही आपल्या हाती पडले.

त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक हिशेब ठरवला होता. एखाद्या शाळेत अल्पसंख्य भाषेची ४० मुले असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक नेमावा. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातही हा हिशेब कायम राहिला. वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. दहा मुलांमागे एक शिक्षक. मागणीला आधार मुलांचा आहे. वर्गात मुलेच नसतील तर निवेदन कितीही जोरदार असो, त्याला वजन राहत नाही.

१९८१ मध्ये गोकाक समितीचा अहवाल आला, १९८२ मध्ये त्यावर सरकारी आदेश निघाला आणि कन्नड सक्तीचे संकट उभे राहिले. १९८६ च्या आंदोलनात आपली माणसे गोळीबारात पडली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे आपण दर १ जूनला उभे राहतो ते त्यांच्यासाठीच. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो आदेश रद्द केला. कन्नड भाषेशी आपले वैर कधीच नव्हते. आपली मुले कन्नड शिकतात, शिकावी, ती शेजाऱ्याची आणि बाजाराची भाषा आहे. आपला लढा होता तो मराठी मुलाच्या पहिल्या इयत्तेतील पहिल्या अक्षरासाठी.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटकाचा १९९४ चा माध्यमविषयक आदेश रद्द केला. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, राज्य ते लादू शकत नाही, असा निर्वाळा दिला. निकाल योग्यच होता. पण त्या अधिकाराचे आपण काय केले? ज्यांची ऐपत होती त्यांनी इंग्रजी निवडली. ज्यांची नव्हती त्यांना निवड कुठली? शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या होत्या. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने नियम बदलला. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतील ती जागा मिळणार नाही, असे ठरले. गरीब मुलासमोर सरकारी शाळा तेवढी राहिली.

मुद्दा इथेच येतो. गुरुजी निवृत्त झाले, जागा भरली नाही, दोन वर्ग एकत्र केले, अतिथी शिक्षकावर वर्ष काढले, असे आपण गावोगाव ऐकतो. दोष सरकारचा आहे आणि तो आम्ही सांगत राहू. पण या तक्रारीमागे आज कोण उभे आहे? रोजगार बुडवून गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत खेटे घालणे विड्या वळणाऱ्या बाईला परवडत नाही. ज्यांना परवडते, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचा साहेबांशी परिचय आहे, त्यांची मुले त्या शाळेत नाहीत. सरकारने सक्ती केली तेव्हा आपण रस्त्यावर आलो. पट आपल्याच पायांनी घटतो आहे, त्याविरुद्ध मोर्चा कुणावर काढायचा?

इंग्रजीशिवाय मुलांचे कसे होणार, हा प्रश्न खोटा नाही. नोकरीसाठी पुण्या-बेंगळुरूला जाणाऱ्या मुलाला इंग्रजी हवीच. इंग्रजी नीट शिकवणारा शिक्षक मराठी शाळेत मिळावा ही मागणी आपण तितक्याच नेटाने करायला हवी होती. ती आपण केली नाही, मुले काढून घेतली. या पानावर लिहिणाऱ्यांच्या घरांतही हेच झाले आहे. तेव्हा हा उपदेश नव्हे, कबुली आहे.

यंदा प्रत्येक गावच्या शाखेने तीन कामे करावीत. आपल्या मराठी शाळेचा वर्गवार पट आणि रिकाम्या जागा मोजून समितीकडे लेखी द्याव्यात. ऐपतदार घरातील निदान एका माणसाने त्या शाळेसाठी दर महिन्याला वेळ काढावा आणि एसडीएमसीतील पालकांच्या बरोबरीने कचेरीत जावे. आणि ज्या घरात पहिलीला जाणारे मूल आहे त्या घराने प्रवेशाआधी एकदा गावच्या शाळेत जाऊन गुरुजींशी बोलावे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण शाळा न पाहता घेऊ नये.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. निकाल कधी लागेल ते आपल्या हाती नाही. पहिलीच्या वर्गात दहा मुले बसवणे आपल्या हाती आहे. उद्या निकाल आपल्या बाजूने लागला आणि गावात मराठी वाचणारे मूलच उरले नसेल, तर आपण महाराष्ट्रात नेणार काय?

जय महाराष्ट्र!