दोष चुलीचा नव्हे, ओल्या फाट्यांचा

आषाढात आमच्या मालवणच्या घरी निर्धूर चुलीवर उकड्या तांदळाची पेज शिजता शिजेना. आईने खापर चुलीवर फोडलं. मी धुराडं उतरवलं, तर आत बोटभर काजळी. ती खरवडली, तरी वैल कोमटच.

खरं कारण मांगराबाहेर भिजत होतं: फाटी, म्हणजे आमचं सरपण. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. आधी ते उडवण्यातच आच खर्च होते, उरतो तो धूर आणि आईचा खोकला. सुक्या करवंट्या घातल्या, तेव्हा पेजेला कढ आला.

1980च्या दशकात सरकारने अशा सुधारित चुली गावोगाव नेल्या. कोकणात चुलीबरोबर फाट्यांना छप्परही द्यायला हवं. तोवर मे सरण्याआधी तुमची फाटी माळ्यावर चढवा.