हाफकिन शिकवा, पण मुल्कोवालसकट



शास्त्रज्ञांवरचे आपले पाठ बहुतेक एकाच साच्यातले असतात. जन्म, शिक्षण, शोध, पुरस्कार, मृत्यू. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. वाल्डेमार हाफकिन यांच्या बाबतीत मला हे जास्तच खटकतं, कारण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात शिकवण्यासारखा भागच या साच्यातून गळून जातो.

हाफकिन म्हटलं की परळची संस्था आठवते, पोलिओचे थेंब आठवतात. माणूस माहीत नसतो. १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात जन्म. रोगप्रतिकारशक्तीवर मूलभूत काम करणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुरुवातीला ग्रंथालयात नोकरी आणि तिथेच कॉलऱ्याची लस. १८९२ मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिनना बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या छोट्याशा जागेत त्यांनी काम सुरू केलं. हा भाग वर्गात जरूर सांगा, मुलं कान टवकारतात! बकऱ्याच्या मांसापासून केलेल्या पातळ रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, अगदी गुहेतल्या लोंबत्या खडकांसारखे. मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेले जंतू टोचले की रोग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते. प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं कसं सांगणार?

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लसही स्वतःला टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. (कैद्याच्या होकाराला होकार म्हणायचं का, हा प्रश्न मोठ्या वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे.) याच साथीत, बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. हे दोन पाठ आपण एकत्र का शिकवत नाही, कोण जाणे.

आता वगळला जाणारा भाग. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचं पद गेलं. पण बाटली उघडताना वापरलेला चिमटा आधी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, ही गोष्ट चौकशीतच नोंदलेली होती. तरी हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्यासाठी रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांना लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहावं लागलं. हाफकिन भारतात परत आले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९१४ मध्ये निवृत्त झाले.

काही सहकारी म्हणतात, हे मुलांना सांगितलं तर ती लसीला घाबरतील. मला उलट वाटतं. २०१८ ची गोवर-रुबेला मोहीम आठवा. मोबाईलवर काय काय फिरत होतं आणि किती पालकांच्या मनात धास्ती होती! तेव्हा ‘लस सुरक्षित आहे, काळजी करू नका’ एवढंच वाक्य आपल्याकडे होतं. ते कमी पडलं. पालक विचारतो, ‘सर, काही झालं तर?’ तेव्हा त्याला हवं असतं ते चूक कशी शोधतात, कोण शोधतं, एका बाटलीतला दोष आणि लसीतला दोष वेगळे कसे करतात, याचं उत्तर. मुल्कोवालमध्ये ते सगळं आहे. १०७ पैकी बाकीच्यांना धनुर्वात का झाला नाही, एवढा एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. चौथीची मुलंसुद्धा बाटलीपर्यंत पोहोचतील.

आणि दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस द्यायला आरोग्य विभागाचे लोक शाळेत येतील, त्याच्या आदल्या दिवशी हा पाठ घ्या. टीडीतला एक भाग धनुर्वाताविरुद्धचा आहे. मुल्कोवालच्या त्या १९ जणांच्या काळात धनुर्वाताची अशी लसच नव्हती.