दोन केसपेपर, एकच देह

सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना आपण खाटांची संख्या, डॉक्टरांच्या रिक्त जागा आणि औषधांच्या किमती यांचा हिशेब मांडतो. तो आवश्यकच आहे. परंतु दोन वेगवेगळ्या विभागांनी लिहून दिलेली औषधे रोग्याच्या एकाच देहात एकत्र येतात, तेव्हा तेथे काय घडते हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या हिशेबात कोठेच येत नाही. मनोविकारावर वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या माणसाला कर्करोग होतो, तेव्हा हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय चालू आहे. ते घाटीच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिवारातलेच. एरवी मुंबईला टाटा रुग्णालयाच्या दारात पथारी टाकावी लागली असती अशा मराठवाड्यातील कितीतरी गोरगरिबांची त्यामुळे सोय झाली, ही सार्वजनिक क्षेत्राची मोठी कमाई आहे. मनोविकारांच्या बाबतीत मात्र चित्र निराळे आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. म्हणजे ज्याच्या गोळ्या नियमित चालू आहेत आणि ज्याच्या घराची घडी त्यामुळे कशीबशी बसली आहे, असा रुग्ण मुळातच अल्पसंख्य. कर्करोगाच्या उपचारात ही घडी विस्कटली, तर ती पुन्हा बसवणे किती कठीण, हे त्या घरातील माणसेच जाणतात.

आता औषधांकडे वळू. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, ज्या रुग्णांना इतर औषधांचा गुण येत नाही त्यांना क्लोझापीन दिले जाते. या औषधाने शेकड्यास एखाद्या रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. 1975 साली फिनलंडमध्ये यामुळे काही रुग्ण दगावले आणि औषध जवळजवळ बाद झाले होते. पुढे रक्ताच्या नियमित तपासणीची अट घालून 1989 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. केमोथेरपीनेही याच पांढऱ्या पेशी घटतात. मग दोन्ही एकत्र द्यावीत की नाही? जगभरच्या नोंदी प्रामुख्याने एकेका रुग्णाच्या आहेत. परंतु रक्ताची वारंवार तपासणी करून दोन्ही उपचार निभावून नेता आल्याची उदाहरणे त्यांत आहेत. याउलट क्लोझापीन एकाएकी बंद केले तर आजार उसळतो, आणि दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास ते पुन्हा अगदी अल्प मात्रेपासून चढवत न्यावे लागते. तेव्हा 'आधी कर्करोगाचे बघू, मनाचे नंतर' हा सल्ला वरवर व्यवहारी वाटला तरी तो घातक आहे. भ्रमाने ग्रासलेला रुग्ण केमोच्या पुढच्या तारखेला येणारच नाही.

दुसरे उदाहरण बिडीचे. बिडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर अधिक वेगाने काम करू लागते व क्लोझापीनचा निचरा लवकर होतो. साहजिकच बिडी ओढणाऱ्याला मात्रा अधिक लागते. कर्करोगाचे निदान होताच तो बिडी सोडतो, आणि सोडलीच पाहिजे. पण मात्रा तीच राहिली तर काही दिवसांतच रक्तातील क्लोझापीनचे प्रमाण बरेच वाढते. त्यात पांढऱ्या पेशी घटल्यामुळे जंतुसंसर्ग झाला आणि सिप्रोफ्लॉक्सॅसीन दिले, तर हे प्रमाण आणखी चढते. रुग्ण गुंगीत जातो, प्रसंगी त्याला झटके येतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून तंबाखू चघळणाऱ्यास हा हिशेब लागू होत नाही. बिडी की तंबाखू, एवढा एक प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

तिसरे उदाहरण ओलान्झापीनचे. मूळचे मनोविकारावरचे हे औषध आज केमोमुळे होणारी मळमळ व उलटी थांबवण्यासाठीही वापरतात. रोजची 10 मिलिग्रॅम मात्रा आणि केवळ अडीच मिलिग्रॅम यांची तुलना मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी केली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार लहान मात्रेने उलटी तितकीच आटोक्यात राहते आणि दिवसाची गुंगी कमी होते. गरीब देशाला उपयोगी पडणारे संशोधन सार्वजनिक संस्थेत कसे होते, याचा हा नमुनाच होय. परंतु ज्या रुग्णाला मनोविकारासाठी हेच औषध आधीपासून एका व्यापारी नावाने चालू आहे, त्याच्या हाती ते दुसऱ्या व्यापारी नावाने पुन्हा पडले, तर मात्रा दुणावल्याचे कोणाच्या ध्यानी यावे? औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने 1975 सालीच केली होती. ती गुंडाळून ठेवल्याची किंमत अशा ठिकाणी मोजावी लागते.

हृदयाचेही तसेच. हॅलोपेरिडॉल, उलटीवरचे ऑन्डॅनसेट्रॉन आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही तिन्ही औषधे, प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज होण्यास लागणारा अवधी लांबवतात. ती एकत्र आली, त्यात उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम घटले, तर ठोक्यांची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. हा धोका साध्या कार्डिओग्रामने आधीच ओळखता येतो.

रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या एकाधिकारास 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा आपण सर्वांनी त्या निकालाचे स्वागत केले. स्वस्त गोळीचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला. पण भावनांच्या चढउतारांसाठी किंवा फेफऱ्यासाठी दिले जाणारे कार्बामाझेपीन चालू असेल, तर तीच गोळी यकृतात झपाट्याने विघटित होते आणि तिचा प्रभाव घटतो. एवढ्या झगड्याने स्वस्त ठेवलेली गोळी पोटात जाऊनही निष्प्रभ ठरावी! औषध परवडणे हा अर्धाच विजय आहे.

हे सारे ज्ञान पाठ्यपुस्तकांत आहे. मग ते रुग्णाच्या केसपेपरापर्यंत का पोचत नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला त्याचे उत्तर बाजाराच्या रचनेत दिसते. नव्या औषधाच्या परवानगीसाठी काही चाचण्या कंपन्यांना कराव्याच लागतात. परंतु तीव्र मनोविकार असलेल्यांना कर्करोगाच्या चाचण्यांतून पुष्कळदा वगळले जाते, आणि दोन जुन्या, स्वस्त औषधांच्या परस्परपरिणामांचा शोध घेण्यात कोणाचाच नफा नसतो. ज्यात नफा नाही आणि ज्याचा लाभ सर्वांना आहे, ते काम समाजानेच करावयाचे असते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. उशिरा निदान, अपुरे उपचार आणि 'वेड्यावर कशाला खर्च' ही वृत्ती, यांचा त्यात मोठा वाटा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णांस शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने आरोग्यसेवा देण्याचे बंधन घातले आहे. ही समता केसपेपरावर दिसावयास हवी.

डॉक्टरांवर कामाचा डोंगर आहे, हे खरे. म्हणूनच दोष व्यक्तींवर ढकलून चालणार नाही. व्यवस्थेकडे मागणी केली पाहिजे. प्रत्येक शासकीय कर्करोग रुग्णालयात रुग्णाच्या सर्व औषधांची मूळ नावांनिशी एकच यादी ठेवावी. केमो सुरू करण्यापूर्वी ती तपासण्यासाठी प्रशिक्षित औषधतज्ज्ञ नेमावा. देशात 2008 पासून फार्म.डी.चा अभ्यासक्रम चालू आहे, तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब टिकणारी नाही. आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी अशा रुग्णांना एकत्र पाहावे. या मागण्यांना कोट्यवधींचा निधी लागत नाही, नव्या इमारतीचे भूमिपूजनही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडतात.

आपल्या कार्यकर्त्यांनाही यात काम आहे. गावचा रुग्ण घेऊन तुम्ही शहरात येता, तेव्हा त्याच्या घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून बरोबर आणा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. मनोविकाराची गोष्ट लाजेने लपवू नका, नातेवाइकांना लपवू देऊ नका. बिडी सुटली असेल तर आवर्जून सांगा. आणि दोहोंपैकी कोणतेही औषध स्वतःच्या विचाराने बंद करू नये, हे घरच्यांच्या मनावर बिंबवा. मोर्चा आणि निवेदन यांची गरज आहेच. पण त्या पिशवीपासून आजच सुरुवात करता येईल.